बोर्डीची शाळा आणि आपला शिक्षणनिधी

(ज्ञातिसंघाच्या वालूर येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत शिक्षणनिधीविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. निधीचा विषय निघाला की सभेत आवाज चढतात हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून आरंभी निधीचे नाव न काढता एका शाळेची हकीकत सांगावी, असे आम्ही ठरविले आहे. ही शाळा समुद्रकाठची आहे. वालूरच्या सभेत समुद्रकाठच्या शाळेचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो केस पिकल्यावर, आम्हीही त्यांतलेच. पण आमचा प्रवास समुद्रासाठी नव्हता, शाळेसाठी होता.

सेलूस गाडी धरून मुंबई गाठावी, तेथून पश्चिम रेल्वेने डहाणूच्या पुढे जावे म्हणजे घोलवड नावाचे स्थानक लागते. त्याला लागूनच बोर्डी हे गाव. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि ओहोटीच्या वेळी नजर पोहोचेल तेथवर उघडी पडणारी वाळू, असे ते गाव. येथे 1920 साली गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल सुरू झाले. नामदार गोखले 1915 साली वारले. त्यांच्या नावाने तीनच वर्षांनी, 1918 साली, ही संस्था मुंबईत स्थापन झाली आणि आणखी दोन वर्षांत तिने मुंबईपासून इतक्या दूरच्या खेड्यात हायस्कूल चालविण्यास घेतले. शाळेचे नाव सुनाबाई पेस्टनजी हकीमजी हायस्कूल. गाव मराठी, संस्था गोखल्यांच्या नावाची आणि शाळेस नाव एका पारशी बाईचे. हे नाव प्रथम वाचले तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो. आपल्याकडे शाळेस कोणाचे नाव द्यावे यावरून संस्था फुटल्याची उदाहरणे आपणांस ठाऊक आहेत. ती येथे सांगत नाही.

आता 1920 साली आपण कोठे होतो ते पाहू. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेत उच्च शिक्षण द्यावयाचे, ही कल्पना स्तुत्य होती. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि आपली मुले मराठी. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगीचे लोढणे गळ्यात. तशाही स्थितीत 1921 साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली. अंबाजोगाईस योगेश्वरी शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थांनी या दोन्ही ठिकाणी शिकविले. पण अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. वालूरसारख्या गावातील पोराने पाटी-पेन्सिल हाती घेतली तरी पुढचा रस्ता बंदच असे. 17 सप्टेंबर 1948 रोजी तो रस्ता मोकळा झाला. त्यास आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा मागासलेपणाचा सारा दोष निजामाच्या माथी मारण्याची सवय आता आपण सोडावी, असे आम्हांस वाटते. पहिली तीस-चाळीस वर्षे ती सबब खरी होती.

बोर्डीकडे वळू. या हायस्कूलचे मुख्याध्यापक शंकर रामचंद्र भिसे. लोक त्यांस आचार्य भिसे म्हणत. गांधीजींच्या विचाराचा हा शिक्षक. शाळा नावारूपास आली, विद्यार्थी चांगले निघू लागले. येथवरची हकीकत कोणत्याही चांगल्या हायस्कूलची असते, म्हणून तीवर वेळ घालवीत नाही. बोर्डीचे वेगळेपण याच्या पुढे आहे.

गावात हायस्कूल होते. पण गावाच्या मागे डोंगराकडे वारली लोकांचे पाडे होते, आणि त्या पाड्यांतील मुले हायस्कूलच्या दारी येत नव्हती. ती येणार तरी कशी? त्यांचे आईबाप सावकार-जमीनदारांकडे वेठीला जुंपलेले. 1945 साली याच भागात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, हे इतिहासात नोंदले आहे. भिशांसारख्या माणसास ही विषमता डोळ्यांआड करता येईना. बाळासाहेब खेरांनी 1940 साली स्थापिलेल्या आदिवासी सेवा मंडळाच्या कार्यात ते पडले. शाळेच्या भिंतीबाहेर जी मुले आहेत तीही आपलीच, असे मानणारा मुख्याध्यापक त्या गावास लाभला होता.

त्याच 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीस आल्या. हे नाव आपल्या भगिनींनी तरी लक्षात ठेवावे. ताराबाई पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. पुढे 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि 1936 साली दादरला शिशुविहार. हे सारे शहरातील, सुखवस्तू घरांतील मुलांसाठी. माँटेसोरीबाईंची पद्धत उत्तम, पण तिची साधने महागडी. खेड्यातील गरिबाच्या मुलास हे कसे परवडणार, हा प्रश्न गांधीजींच्या विचाराने पुढे ठेवलेला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी दादर सोडून बोर्डी धरली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. नंतर स्वतः शिकून शिक्षिका झालेल्या. दोघी मिळून बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र चालवू लागल्या.

लाकडी ठोकळे आणि मोत्यांच्या माळा कोठून आणावयाच्या? समुद्रकाठी शिंपले होते, रानात बिया होत्या, खडे होते, पाने होती. त्यांवर मुले मोजणी शिकू लागली. मुले बालवाडीस येईनात तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात भरविली गेली, ही अंगणवाडी. आज आपल्या प्रत्येक गावात अंगणवाडी आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 गटांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील धारणी हा गट होता. त्या योजनेच्या केंद्रास जे नाव मिळाले ते बोर्डीच्या अंगणात आधीच रुजलेले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

1957 साली हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले, अगदी वारल्यांच्या वस्तीत. तेथे दोघींस जे उमगले तेच आज सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

शाळा काढली, तरी मोठी मुले येईनात. चौकशी केली तेव्हा दोन कारणे दिसली. मुलगे गुरे घेऊन रानात जात. आणि मुली घरी थांबत, कारण आई मजुरीस गेल्यावर धाकटे भावंड सांभाळावयास घरात दुसरे कोणी नसे. या कारणांवर सामान्य शिक्षक काय करतो? गैरहजेरी मांडतो आणि पालक अडाणी आहेत असा शेरा मारतो. आम्ही स्वतः चौतीस वर्षे शिक्षकी केली आणि असे शेरे पुष्कळ मारले आहेत. ताराबाई आणि अनुताई यांनी मात्र गुरांच्या मागे शाळा नेली. कुरणात मुले जेथे गुरे चारीत, तेथे शिक्षक जाऊन बसे. तिला कुरणशाळा म्हणत. आणि मुलींसाठी शाळेच्या अंगालाच पाळणाघर जोडले. मुलीने येताना भावंडास कडेवर आणावे, त्यास पाळणाघरात द्यावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका ठिकाणी. या रचनेस विकासवाडी असे नाव पडले. सांगताना किती सोपे वाटते! पण भावंडासह मुलीस शाळेत बोलवावे, हे आमच्या ध्यानी चौतीस वर्षांत एकदाही आले नाही.

ताराबाईंस 1962 साली पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या निवर्तल्या. त्यांच्या मागे अनुताईंनी ते काम 1992 पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत चालविले. 1985 साली त्यांस पद्मश्री देण्यात आली. ज्या हायस्कूलच्या गावी हे बीज पडले त्या शाळेसही 2020 साली शंभर वर्षे पुरी झाली.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. सभेची क्षमा असावी. आमच्या आक्का आम्हांहून सात वर्षांनी मोठ्या. आई कापूस वेचावयास जाई तेव्हा आम्हांस कडेवर घेऊन आक्का गावभर हिंडत. शाळा भरली की त्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहत. गुरुजी चांगले होते, त्यांनी कधी हाकलले नाही. पण आत ये, असेही म्हटले नाही. तसे म्हणणे त्या काळी कोणास सुचले नसते. खिडकीपाशी उभे राहून आक्कांनी पाढे पाठ केले. पंधराच्या पाढ्यापर्यंत त्या आजही न अडखळता म्हणतात. अक्षर मात्र एकही येत नाही, कारण पाढे ऐकू येतात, फळा खिडकीतून दिसत नसे. त्या आज या सभेस आल्या आहेत आणि आम्ही हे सांगितले म्हणून घरी गेल्यावर रागावणार आहेत.

बंधुभगिनींनो, हे जुन्या काळचे झाले असे समजू नका. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला, तरी कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कोणत्याही शाळेची हजेरी पाहा. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. त्यांबरोबर मुले जातात, किंवा आजीच्या स्वाधीन होऊन मागे राहतात. त्या मुलांत आपल्या ज्ञातीची मुले थोडी आहेत, हे आम्ही मान्य करतो. आणि येथेच निधीचा प्रश्न येतो.

कार्यकारी मंडळापुढे सूचना अशी आहे की, जमलेल्या निधीतून परभणीस आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाच्या खोल्या बांधाव्या. या सूचनेमागील तळमळ आम्ही जाणतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलास खोली मिळत नाही, भाडे परवडत नाही, हे खोटे नाही. तथापि कॉलेजपर्यंत जो पोहोचला, त्याचे पाय एव्हाना रस्त्यास लागलेले असतात. त्यास बँकेचे कर्ज मिळते, शिष्यवृत्ती मिळते, मामा मिळतो. भावंड कडेवर घेतलेल्या मुलीस यांपैकी कोणीच मिळत नाही. म्हणून निधीचा काही भाग तरी गावातील शाळेशेजारी, वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या हंगामापुरते पाळणाघर चालविण्यासाठी द्यावा, अशी आमची सूचना आहे. त्यास इमारत लागत नाही. एक मोठी खोली, दोन समजूतदार बाया, दूध-खाऊ आणि पाण्याची सोय एवढे पुरते. ज्या शाळांचा पट घसरला त्या एकत्र करण्याचे घाटत असल्याचे 2023 पासून आपण ऐकत आहो. गावातील मुलीच वर्गात आल्या तर पटही सावरेल. पण तो दुय्यम लाभ समजावा.

आक्षेप आम्हांस माहीत आहे. ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेरच्या मुलांवर का खर्चावा? आज सकाळी आपण सर्वांनी गावातील बारव पाहिली. गोल फिरत खाली उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या पाहून पाहुणे मंडळी थक्क झाली. मध्यंतरी तिचा गाळ काढण्यास माणसे श्रमदानास उतरली तेव्हा कोणी कोणास ज्ञात विचारली नाही. पूर्वीच्या काळी पाण्याच्या काठावर ती विचारली जात असे आणि कित्येकांस वरूनच परत फिरावे लागे, हेही आपण विसरू नये. आपले पूर्वज त्यांत कोणत्या बाजूला होते तेही नाही. पाळणाघराच्या दाराशी उभे राहून, हे मूल आपले आणि ते परके, अशी निवड करावयास आम्ही तरी तयार नाही. सुनाबाईंच्या नावाच्या शाळेत तसे झाले असते तर तेथे किती मुले उरली असती, याचा विचार करावा.

वसतिगृहाचे समर्थन करणाऱ्या मंडळींशी आमचे भांडण नाही. निधीचे दोन भाग करून दोन्ही कामे धरता येतील काय, हे हिशेबनीसांनी सांगावे. आम्हांस आकड्यांचे ज्ञान बेताचेच. मात्र येत्या वेचणीपूर्वी निर्णय व्हावा. हंगाम सभेसाठी थांबत नाही. ज्या भगिनींस या कामी हंगामात रोज दोन-तीन तास देता येतील त्यांनी आपली नावे भोजनोत्तर आमच्याकडे नोंदवावीत. वही मंडपाच्या डाव्या बाजूस ठेवली आहे. त्यांत पहिले नाव आक्कांचे आहे. ते त्यांच्या सांगण्यावरून आम्ही लिहिले.