आग विझल्यावर आरोपी कोण?

(सांताक्रूझ पूर्व येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी अर्थशास्त्राचा शिक्षक. कायदा हा माझा विषय नव्हे. परंतु तोट्याचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे. आगीच्या बाबतीत तो विचारण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. 18 जुलै 2014 रोजी शेजारच्या अंधेरीत लोटस बिझनेस पार्कला लागलेल्या आगीत दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, 9 मे 2015 रोजी, काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली. ती विझविताना इमारत कोसळली आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी प्राणास मुकले.

आता दुसरी बाजू पाहा. 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांच्या आगीत 14 जण मरण पावले. त्या तपासात अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यालाही अटक झाली. म्हणजे तेच दल एकदा हुतात्मा ठरते आणि एकदा आरोपी. हे कसे होते?

ज्वालांसमोर उभ्या असलेल्या माणसावर कायदा विश्वास टाकतो. आग पसरू नये म्हणून सद्हेतूने घरे पाडणारा गुन्हेगार नव्हे, हे उदाहरण 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 81 मध्ये होते; आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 मध्ये आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही 1997 साली ठरविले, की दल उशिरा आले एवढ्याने भरपाई द्यावी लागत नाही. मात्र हॅम्पशर परगण्यात दलाने चालू असलेले पाण्याचे फवारे बंद केले व त्यामुळे नुकसान वाढले. त्याची भरपाई द्यावी लागली.

तेव्हा खरा पेच आग विझविण्यात नाही, ना-हरकत दाखल्यात आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 जणांचा बळी गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली भरपाईच्या दायित्वातून महापालिकेला व परवाना देणाऱ्या पोलीस खात्याला मुक्त केले. दाखला देणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्याची दोषसिद्धी मात्र 2014 साली कायम राहिली. त्या अधिकाऱ्याची गय करा, असे मी म्हणत नाही. खोटा दाखला हा गुन्हाच आहे. पण व्यक्ती तुरुंगाच्या दारात आणि संस्था मोकळी, हा न्याय अपुरा आहे.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने मूळ जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. मालक हा खर्च वाचवितो, तेव्हा तो नफा होत नाही. ते कर्ज असते, आणि ते फेडतो शिडीवर चढणारा जवान. त्याचे वारस कामगार म्हणून भरपाई मागू शकतात, हे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अग्निशमन दलाचा स्पष्ट उल्लेख करून मान्य केले होते. असे असूनही काळबादेवीनंतर पोलिसांसारखे लाभ मिळावेत ही मागणी करण्याची वेळ आलीच.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. तपासणी करणारे आणि आग विझविणारे पथक वेगळे असावे. दाखला चुकीचा ठरल्यास महापालिकेचेही आर्थिक दायित्व कायद्याने निश्चित व्हावे. आणि कर्तव्यावर मरण पावलेल्याच्या कुटुंबाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या न लागता भरपाई व घर मिळावे.

अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात आहे. ती उपकार नव्हे. प्रारंभ मात्र आपल्यापासून होऊ द्या. उद्या घरी गेल्यावर आपल्या सोसायटीच्या चिटणीसाला विचारा: मागचे प्रमाणपत्र कोठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या आगीतील आरोपींमध्ये आपलेही नाव नैतिकदृष्ट्या लिहिलेले असेल.