देणगीच्या आधी काम
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले खडू-फळ्यापाशी. तथापि चिपळूणच्या महापुरात जे पाहिले, आणि त्यानंतर आमच्या हातून जी चूक घडली, ती आपणांपुढे मांडावी, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. २६ जुलै २००५ चा पूर आठवून कित्येकांनी सामान उंचावर ठेवले होते. परंतु पाणी तेथवरही पोहोचले. त्याआधीच, मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने आपला शिलाईचा धंदा खिळखिळा केला होता. शाळा बंद, म्हणून गणवेश नाहीत. लग्ने पन्नास माणसांत, म्हणून नवे कपडे नाहीत. कापडी मुखपट्ट्या शिवून अनेक बांधवांनी ते दिवस कसेबसे काढले. त्यावर हा पूर आला.

आमच्या परिचयाचे एक बंधू होते. त्यांच्या वडिलांनी आमचा शाळेतला पहिला सदरा शिवला होता. पाणी ओसरल्यावर आम्ही त्यांच्या दुकानी गेलो, तेव्हा ते चिखलात उभे राहून मशीन पुसत होते. आम्ही हळहळलो. ते म्हणाले, "गुरुजी, मशीनचे एवढे नाही हो. धुऊन, रॉकेलने गाळ काढून तेल दिले की ते फिरेल. पण ही वही पाहा." ती मापांची वही होती. शाई विरघळून पानन् पान निळे झाले होते. वीस वर्षांची गिऱ्हाइके, त्यांची मापे, त्यांची येणी, सारे त्या निळ्या पाण्यात गेले.

दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत, तर दुकानदारास गिऱ्हाइकाची आणि गिऱ्हाइकास दुकानदाराची असलेली आठवण होय, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. पूर एका दिवसाचा असतो. परंतु दोन महिने दार बंद राहिले की लोक दुसरी वाट धरतात. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ते व्यापाराइतके कोठेच खरे नाही.

यास्तव आमच्या बांधवांस नम्र सूचना अशी, की वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ते घरातील दुसऱ्या माणसाकडेही पाठवून ठेवावे. संकट आल्यास त्याच यादीवरून प्रत्येक गिऱ्हाइकास निरोप धाडावा : "आम्ही आहोत, अमुक ठिकाणी बसतो, आपले कापड सुरक्षित आहे", अथवा "भिजले आहे, भरून देऊ." खरे सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक विसरत नाही. बंद दारावर नवा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. विमा घेताना त्यात पुराचा समावेश आहे की नाही, हे विचारून घ्यावे. गाळ उपसण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढावीत आणि पंचनामा करून घ्यावा. उद्यम नोंदणीस शुल्क पडत नाही. ती करून ठेवावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, पहिल्या खेपेस १ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद करण्यात आली. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी असे अर्ज भरून देण्यास बसावे. ही समाजसेवाच होय.

आता आमची चूक सांगतो. पुरानंतर आम्ही मदतनिधीस पाचशे रुपये दिले, पावती घेतली आणि कर्तव्य संपले असे मानले. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या मुलाचे लग्न होते. सारे कपडे आम्ही पुण्याहून तयार आणले. ते बंधू लग्नास आले. आमच्या कोटाची बाही चिमटीत धरून हलकेच म्हणाले, "गुरुजी, बाही अर्धा इंच लांब आहे. उद्या आणून द्या, करून देतो." त्यांनी ती करून दिली, पैसे घेतले नाहीत. पुढच्या पाडव्यास त्यांचे दुकान बंद दिसले. आज ते पुण्यात एका मोठ्या कापडदुकानात तयार कपड्यांच्या बाह्या कमी करून देतात.

आमचे पाचशे रुपये त्यांस तारू शकले नाहीत. एका लग्नाचे काम, निम्मे पैसे आगाऊ देऊन, कदाचित तारू शकले असते. देणगीने दोन दिवसांची चूल पेटते. कामाने दुकानाचे दार उघडे राहते आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहते.

संत नामदेवांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या कुळाचा हा धंदा टिकावा, असे वाटत असेल, तर पुढील संकटात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात : जुने येणे त्याच आठवड्यात चुकते करावे, एक तरी काम आगाऊ पैशांनिशी द्यावे, आणि दुकान चालू असल्याचे दहा घरी सांगावे.

तो कोट आम्ही अद्याप जपून ठेवला आहे. बाही आता बरोबर बसते. अंगात घालताना मात्र मान खाली जाते. आपणांवर तशी वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.