रोग्याभोवतीचे मौन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कर्करोगाविषयी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाने मला आज्ञा केली. रोगाची लक्षणे व उपचार यांची माहिती देणारी पत्रके हल्ली जागोजागी मिळतात. तेव्हा मी आज बोलणार आहे ते रोग्याच्या मनाविषयी, आणि त्या मनाशी आपण घरची माणसे कसे वागतो याविषयी.

एक दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. वडील डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसलेले असतात आणि त्यांच्या पाठीमागे उभा असलेला मुलगा डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावीत असतो, की रोगाचे नाव उच्चारू नका. या खुणेमागे मायाच असते, याविषयी मला तिळमात्र संशय नाही. अण्णांना धक्का सोसणार नाही, ही त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु अण्णांना ते कळत नाही काय? परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून ऐंशीहून अधिक वर्षे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून माणसे तेथे येत आहेत. 'टाटाला नेले' एवढे दोन शब्द कानी पडले, की त्यांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ज्याने तेथल्या रांगेत स्वतःसारखी शेकडो माणसे पाहिली, ज्याच्या डोक्यावरचे केस औषधाने गळाले, त्याला 'साधी गाठ आहे' असे सांगून आपण नक्की कोणाला फसवितो?

फसत कोणीच नाही. मात्र त्या घरात एक नाटक सुरू होते. मुलांना वाईट वाटू नये म्हणून अण्णा न कळल्याचे सोंग घेतात. आणि त्यांना कळले आहे हे मुलांना उमगले, तरी तीही बोलत नाहीत. या मौनात सर्वांत एकटा पडतो तो रोगी. त्याला आपली भीती बोलून दाखवायची असते, पत्नीच्या नावावर काय ठेवले ते सांगायचे असते, धाकट्या भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा जोडायचे असते. तो विषयाला हात घालू लागला, की 'असे अभद्र बोलू नका' म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो. मग तो भिंतीकडे वळून पडून राहतो. त्याचे जेवण तुटते, झोप उडते, आणि आपण म्हणतो, रोग बळावला. पुष्कळदा बळावलेली असते ती विषण्णता. तिच्यावरही औषधाने व समुपदेशनाने उपचार होऊ शकतो. पण जे दुःख घरात बोललेच जात नाही, ते डॉक्टरांच्या कानी जावे कसे?

डॉ. सिसिली सॉन्डर्स या विदुषींनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. रोग्याची वेदना केवळ देहाची नसते. ती मनाची, कुटुंबाची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले, ते अशाच रुग्णांच्या शुश्रूषेसाठी. रोग्यापुढे सारे सत्य एकदम ओतावे, असा याचा अर्थ नव्हे. किती जाणून घ्यायचे हे त्याला विचारावे, आणि नको म्हणाला तर तेही मानावे. पण विचारावे मात्र त्याला, त्याच्या मुलाला किंवा जावयाला नव्हे.

आता ज्ञातीच्या व्यासपीठावरून थोडे स्पष्ट बोलतो. हे मौन सर्वस्वी मायेपोटी नसते. घरात उपवर मुलगी असते. 'त्यांच्या घराण्यात कॅन्सर आहे' एवढे वाक्य बैठकीत कोणी हळूच उच्चारले, की जुळत आलेले स्थळ परत जाते. म्हणून शस्त्रक्रिया झालेली आई कार्यातून मागे ठेवली जाते, आणि आजारी सुनेला 'विश्रांतीसाठी' माहेरी धाडतात. तिला परत आणण्याची घाई फारशी कोणास नसते. वस्तुस्थिती काय आहे? हा रोग शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. शंभरांपैकी सुमारे ५ ते १० रुग्णांतच तो आनुवंशिक दोषामुळे उद्भवतो. ज्या घरात अनेकांना तरुण वयातच झाला असेल, त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. बाकीच्यांच्या मुलींनी कोणाचा अपराध केला आहे?

समाचाराला जाणाऱ्यांविषयीही एक शब्द. कोणी काढ्याची पुडी नेतो, कोणी याच रोगाने गेलेल्या आपल्या मेहुण्याची कथा सांगतो. दोन्ही घरीच ठेवून गेलेले बरे.

कार्यकारिणीकडे मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. वधूवर नोंदणीच्या अर्जातील 'घराण्यातील आजार' हा रकाना काढून टाकावा. आणि गावाकडून उपचारासाठी मुंबईत येणाऱ्या ज्ञातिबांधवांकडे दादर-परळ भागातील आपल्या एखाद्या सभासदाने आठवड्यातून एकदा जाऊन बसावे. काही द्यावयास नव्हे, तो जे बोलेल ते ऐकावयास. या दोन्ही सूचना आजच्या सभेपुढे याव्यात, अशी अध्यक्ष महाराजांना विनंती करून मी आपली रजा घेतो.