जुना व्हॉल्व्ह रेडिओ : प्लग लावायच्या आधी

जो भाग ऐकता येणार नाही त्यांच्यासाठी, आणि काम करताना समोर ठेवायला हवा त्यांच्यासाठी, हा लेखी मजकूर.

आजचा विषय एका प्रश्नातून निघालाय, आणि तो प्रश्न बहुतेक घरांत एकदा तरी विचारला जातोच : "माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडलाय. लावून बघू का?"

उत्तर आहे, नाही. निदान लगेच तरी नाही. वीस-तीस वर्षं बंद असलेला सेट थेट २३० व्होल्टवर लावला, की पहिल्या काही मिनिटांत अशी वस्तू जळू शकते जी आज बाजारात सहज मिळत नाही. कंडेन्सर मिळतो. व्हॉल्व्ह शोधला तर मिळतो. पण त्याच सेटचा मेन्स ट्रान्सफॉर्मर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर? तो पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो. आणि हे झालं रेडिओचं. तुमच्या जिवाचं त्याआधी बघायचं.

म्हणून पहिलं काम : मागचं झाकण काढा आणि व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. प्लग अर्थातच बाहेर. नंबर ईनं सुरू होत असेल, म्हणजे ईसीएच८१, ईएल८४ वगैरे, तर त्या व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टचा. असा सेट बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरवर चालतो. नंबर यूनं सुरू होत असेल, यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५, तर सावध व्हा. हे एसी-डीसी सेट. यात मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले, आणि चासी थेट मेन्सच्या एका वायरला. प्लग उलटा बसला की अख्खी चासी लाइव्ह! बटण निघालेलं असेल तर उघडी दांडी आणि बटणाचा बारीक स्क्रूसुद्धा लाइव्ह. असा सेट उघडा ठेवून चालवायचा असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं काम डोळ्यांचं. वायरवरचं रबर कडक होऊन तुटतंय का? उंदरांनी काही कुरतडलंय का? कंडेन्सरमधून मेण किंवा द्रव बाहेर आलाय का? व्हॉल्व्हच्या आत वरच्या बाजूला चंदेरी डाग दिसतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, व्हॉल्व्ह संपला. धूळ कोरड्या ब्रशनं काढा. काचेवरचे आकडे ओल्या फडक्यानं पुसू नका, ते निघून जातात आणि मग व्हॉल्व्ह ओळखता येत नाही.

तिसरं काम : सिरीज लॅम्प. वायरमनकडे असतो तोच. ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, रेडिओच्या एका वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. स्विच टाकला की बल्ब आधी उजळतो, कारण हीटर थंड असतात. मग मंद होतो. सेट गरम होऊन करंट घ्यायला लागला की परत थोडासा वाढतो. हे ठीक. पण बल्ब पूर्ण प्रकाशात पेटला आणि तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. बल्ब पेटला म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाचला, असं समजा.

आता दुरुस्ती. नेहमीचे दोषी दोन.

एक, फिल्टर कंडेन्सर. हा इलेक्ट्रोलिटिक असतो, वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्यानं आतला थर खराब होतो आणि तो लीक व्हायला लागतो. लक्षण म्हणजे आवाज कमी केला तरी राहणारं घूंऽऽ. जुना ५० मायक्रोफॅरॅडचा असेल तर ४७ चा, ४५० व्होल्टचा नवा घाला. "मोठा घातला तर अजून चांगलं" असं करू नका, त्याचा ताण रेक्टिफायर व्हॉल्व्हवर येतो. पोलॅरिटी दोनदा तपासा. जुना डबा शोभेसाठी जागेवर राहू द्या, पण त्याच्या वायरी सोडवा. नुसता नवा समांतर जोडला तर लीकेज तसंच राहतं.

दोन, कपलिंग कंडेन्सर. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा छोटा, कागदी. हा दिसायला गरीब, पण सेटचा खरा मारेकरी. लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, ईएल८४ प्रमाणाबाहेर करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. मल्टिमीटरनं ग्रिडवर बघा, शून्याच्या आसपास हवं. एक-दोन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर बहुधा हाच लीक आहे. मी तर न मोजताच बदला म्हणेन. त्याच किमतीचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घाला. खर्च चहाइतका.

आणि हे विसरू नका : प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट शिल्लक असू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, मीटरनं खात्री करा, मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नव्हे.

एका वेळी एकच भाग बदला, आधी फोटो काढा, मग सिरीज लॅम्पवर चालवून बघा. दहा भाग एकदम बदलले आणि सेट बंद पडला, तर चूक कुठे शोधणार?

सेट बोलायला लागला की स्टेशन लावा. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असतात. तीन लाखांना किलोहर्ट्झनं भागा. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण ३७९ मीटर, मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ म्हणजे ५३८ मीटर. नुसती खरखर आली तर लगेच सेटला दोष देऊ नका. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर बंद करून रात्री परत बघा. मिडीयम वेव्हवर हा त्रास फार.

तर मंडळी, माळ्यावरचा रेडिओ इतकी वर्षं थांबलाय, अजून एक रविवार थांबेल. आधी सिरीज लॅम्प बनवा. तुमच्या सेटच्या व्हॉल्व्हचे नंबर कमेंटमध्ये लिहून पाठवा. पुढच्या भागात कॅसेट डेकचे सैल पडलेले बेल्ट. तोवर सांभाळून काम करा.