ऐकीव शब्दाची परीक्षा



मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता वडखळ सोडल्यावर गडब गांवावरून पुढें जातो. भोंवतीं भाताचीं शेतें, धरमतरच्या खाडीचा खारा वारा आणि शेजारीं डोलवी येथें पोलादाचा प्रचंड कारखाना. अशा गांवांत बुद्धाच्या धम्माची व नव्या यंत्राची गांठ कशी पडते हें पाहावयाचें असेल, तर वैशाखी पौर्णिमेच्या सकाळीं कोणाहि तरुणाचा मोबाइल पाहावा. अर्धोन्मीलित नेत्रांची मूर्ति, खालीं एखादें मधुर वाक्य आणि त्याखालीं 'भगवान बुद्ध' असें नांव! वाचणारा मनोमन हात जोडतो आणि तें वाक्य आणखी दहा जणांकडे धाडतो. असलीं कित्येक वाक्यें सारें तिपिटक धुंडाळलें तरी सांपडणार नाहींत.

म्हणून यंत्रच टाकून द्यावें, असें म्हणणारा मी नव्हे. धम्मानें यंत्राचें वावडें कधींच मानलेलें नाहीं. बुद्धवचन प्रथम भिक्षूंच्या कंठांत होतें. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत सिंहलद्वीपांत तें ताडपत्रांवर उतरलें. ब्रह्मदेशच्या मिंडोन राजानें मंडाले येथें तें संगमरवरी शिलांवर कोरविलें. पुढें छापखाने आले. नभोवाणीचेंच म्हणाल, तर इ. स. १९५६ च्या मे महिन्यांत ब्रिटिश नभोवाणीवरून डॉ. आंबेडकरांनीं आपणांस बौद्ध धम्म कां आवडतो हें जगाला सांगितलें. आणि आपला रायगड जिल्हा तरी या गोष्टीला अपवाद कोठें आहे? मांदाडजवळच्या कुडा येथील लेण्यांत दात्यांचे जुने लेख आहेत. त्यांत एक वैद्य आहे, एक माळी आहे आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीहि आहे. लोखंड विकून मिळविलेलें द्रव्य भिक्षूंच्या निवाऱ्यासाठीं देतांना त्या वाण्याला कांहीं विसंगत वाटलें नाहीं.

विनयपिटकांत तर नव्या वस्तूंसाठीं एक सोयच करून ठेविली आहे. भिक्षूंपुढें पेंच पडला कीं, अमुक वस्तूला भगवंतांनीं संमति दिलेली नाहीं आणि तिचा निषेधहि केलेला नाहीं. मग ती घ्यावी कीं टाकावी? उत्तर मिळालें तें असें: ती निषिद्ध वस्तूंशीं जुळत असेल तर टाका, अनुज्ञात वस्तूंशीं जुळत असेल तर घ्या. म्हणजे वस्तूचें नवेपण हा गुणहि नव्हे आणि दोषहि नव्हे.

या तराजूचा उपयोग आपल्या काळांत कसा झाला, तें इगतपुरीच्या धम्मगिरीवर पाहावें. सत्यनारायण गोएंका इ. स. १९६९ मध्यें ब्रह्मदेशांतून भारतांत आले व विपश्यनेचीं दहा दिवसांचीं शिबिरें घेऊं लागले. शिकूं इच्छिणारे हजारों आणि गुरु एक, अशी स्थिति झाली. तेव्हां त्यांचीं प्रवचनें व सूचना ध्वनिफितींवर घेण्यांत आल्या, आणि त्यांनीं नेमलेले सहायक आचार्य त्या फितींच्या आधारें शिबिरें चालवूं लागले. गोएंका इ. स. २०१३ मध्यें निवर्तले. त्यांचा आवाज मात्र अजून शिकवीतच आहे. गंमत अशी कीं, त्याच शिबिराच्या दारांत साधकाचा मोबाइल ठेवून घेतात! एक यंत्र आंत घेतलें, दुसरें बाहेर ठेविलें. जें चित्ताला एका ठिकाणीं बसण्यास साह्य करतें तें घ्यावें, जें त्याला शंभर वाटांनीं ओढतें तें टाकावें; विनयाचा तराजू याहून निराळा काय सांगतो?

परंतु हें झालें दहा दिवसांचें पथ्य. गडबच्या माणसाला अकराव्या दिवशीं मोबाइल पुन्हां हातीं घ्यावाच लागतो. मुलांची शाळा, कामाची पाळी, सोयऱ्यांचें क्षेमकुशल, सारें त्यावरच कळतें. तेव्हां त्यांतून येणाऱ्या शब्दाचें काय करावयाचें, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या वाट्याला आलेलें दुःख हें पूर्वकर्माचें फळ आहे, तें निमूटपणें सोसावें, अशा अर्थाचीं वाक्येंहि बुद्धाच्या नांवावर खपतात. हीं निरुपद्रवी नाहींत. गडबवरून जाणारा हाच रस्ता पुढें महाडास पोंचतो. तेथील चवदार तळ्याचें पाणी ज्यांना नाकारलें जात होतें, त्यांच्यासह डॉ. आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं तें प्राशन केलें. पिढ्यान् पिढ्या त्या लोकांना हेंच ऐकविलें गेलें होतें कीं, हें तुमचें पूर्वकर्म! १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें ज्या धम्माचा त्यांनीं स्वीकार केला, त्याच्याच शास्त्याच्या तोंडीं तें जुनें वाक्य घालून घरोघर पोंचवावें, याहून मोठी फसवणूक कोणती? अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातांत भगवंतांनीं हें मत स्पष्टपणें खोडून काढलें आहे. माणसाचें सारें सुखदुःख पूर्वकर्मामुळेंच, असें धरून चाललें तर अमुक करावें आणि अमुक करूं नये या बोलण्याला अर्थच उरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

ऐकीव वचनाची परीक्षा कशी करावी, हेंहि सांगून ठेविलेलें आहे. महापरिनिब्बानसुत्तांत भोगनगर येथील उपदेश आहे. हें मीं खुद्द भगवंतांच्या मुखांतून ऐकलें, असें कोणी म्हणाला, तरी लगेच मान डोलवूं नये आणि लगेच झिडकारूंहि नये. त्याचे शब्द नीट ध्यानांत घेऊन सुत्तांशीं व विनयाशीं ताडून पाहावे. डॉ. आंबेडकर याच्याहि पुढें गेले. इ. स. १९५७ मध्यें, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथांत, भाणकांच्या पाठांतरांतून बुद्धवचनांत विपर्यास कसे शिरले, आणि कर्म व पुनर्जन्म यांविषयीं ते विशेष कसे झाले, याची चर्चा आहे. बुद्धीला पटेल आणि माणसाच्या कल्याणाशीं ज्याचा संबंध असेल तेंच बुद्धाचें मानावें, अशी त्यांची कसोटी. एक परीक्षा ग्रंथाची, दुसरी विवेकाची. माझें मत विचाराल तर दोन्ही लागतात. पहिलीनें वाक्य कोणाचें तें कळतें, दुसरीनें तें आचरणांत आणण्याजोगें आहे कीं नाहीं तें कळतें. आतां तर विचारल्याबरोबर यंत्र स्वतःच बुद्धाच्या नांवें वाक्य जुळवून देतें. त्या भाणकाला तर पाठांतराचेहि कष्ट नाहींत!

पूर्वीं असा पडताळा घेणें केवढें दुष्कर होतें! पाली ग्रंथ शिकण्यासाठीं गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना सिंहलद्वीप गांठावें लागलें. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या श्रमामुळें तेंच पाली तिपिटक देवनागरी लिपींत मोबाइलवर विनामूल्य उघडतें. पाली जाणणारे थोडे आहेत हें खरें. पण अडलेला शब्द विचारावयास निदान पान तरी समोर आहे.

वर्षावासांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, महाराष्ट्रांतल्या विहारांतून बाबासाहेबांच्या याच ग्रंथाचें वाचन चालतें. बाहेर पाऊस असतो, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. तेथें आठवड्यांतून एक दिवस ज्याच्या त्यानें मोबाइलवर आलेलीं बुद्धाचीं वाक्यें बरोबर आणावीं. एखाद्या मुलीनें देवनागरी तिपिटक उघडावें, पाली जाणणाऱ्या भिक्षूंस किंवा शिक्षकांस विचारावें, आणि वाक्य न सांपडल्यास पाठविणाऱ्याला तसें कळवावें. पाठविणारा बहुधा आपला मामा किंवा जुना वर्गबंधु असतो. तेव्हां हें शेवटचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं.