मानाचा नारळ कुणाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे चूल, मुलेबाळे आणि सासूबाईंचा धाक. तेव्हा भाषण म्हणून काही सांगू लागले तर ते तुम्हांला आणि मलाही पेलायचे नाही. ओसरीवर बसून शेजारणीशी बोलावे तसे बोलते. चुकलेमाकले पोटात घाला.

दर वर्षी या दिवशी आपण कुणाकुणाला खण-नारळ देऊन सन्मान करतो. शाळेत पहिली आलेली मुलगी, रांगोळीत बक्षीस मिळविणारी सून, वयाची ऐंशी वर्षे पुरी केलेल्या आजी. हे योग्यच आहे. पण यंदा अध्यक्षाबाईंनी 'विषय तुमचा तुम्ही निवडा' म्हटले, तेव्हा माझ्या मनात आले, ज्यांचे ऋण आपल्या सगळ्यांच्या अंगावर आहे पण ज्यांची नावेही आपल्या कानांवर आली नाहीत, अशांना आज मनातल्या मनात एकेक नारळ द्यावा. एका नारळाची गोष्ट शेवटी सांगेन. तो मला फार दिवसांपूर्वी द्यायचा होता.

आता रोगाचे नाव घेते. एचआयव्ही, म्हणजे ज्यातून पुढे एड्स होतो तो. बघा, मागच्या दोन-तीन जणींनी लगेच पदर सावरला! अहो, नाव घेतल्याने काही चिकटत नाही. नाव न घेतल्याने मात्र पुष्कळांचे संसार गेले.

पहिला नारळ डॉ. सुनीती सॉलोमन यांना. मूळच्या त्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातली ही लेक. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकवीत असत. १९८६ सालची गोष्ट. हा रोग परदेशातला, आपल्या देशात कसा येईल, असेच तेव्हा बहुतेक जण म्हणत. बाईंनी आपल्या एका विद्यार्थिनीला, सेलप्पन निर्मला तिचे नाव, रक्ताचे नमुने गोळा करायला सांगितले. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे नमुने. निर्मला आधी फार बिचकली. पण तिच्या यजमानांनी धीर दिला, स्कूटरवर बसवून तिला पोहोचवू लागले. ऐंशीहून अधिक नमुने जमले आणि ते ठेवले कुठे? घरच्या फ्रिजमध्ये. माझ्या लेकीने हे मोबाइलवर वाचून दाखविले तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावले. आपल्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यावर झाकण नसले तर आपण घर डोक्यावर घेतो! मग ते नमुने घेऊन नवराबायको रात्रीच्या गाडीने वेल्लोरला गेली. तिथल्या तपासणीत सहा नमुने सदोष निघाले. हा रोग आपल्या देशात आला आहे, हे अशा रीतीने प्रथम कळले.

सुनीतीबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढली आणि ज्या रोग्यांना इतर ठिकाणी दारातून परत पाठवीत, त्यांना त्या जवळ बसवून तपासू लागल्या. २०१५ साली त्या वारल्या. सरकारने पद्मश्री दिली ती २०१७ साली, त्यांच्या मागे. आपल्याकडे मान देण्याची ही रीतच दिसते. माणूस उठून गेले की आपण पाट मांडतो.

दुसरा नारळ सांगलीला पाठविते. १९९२ सालापासून तिथे 'संग्राम' नावाची संस्था मीना शेषू यांनी चालविली. ज्या वस्तीचे नाव काढताना आपण आवाज खाली करतो, तिथल्या बायकांनाच त्यांनी कार्यकर्त्या केले. निरोध कसा वापरावा, गिऱ्हाइकाला 'नाही' कसे म्हणावे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात कसे न्यावे, हे त्या बायका एकमेकींना शिकवू लागल्या. १९९६ साली त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. २००२ साली 'ह्यूमन राइट्स वॉच' या परदेशी संस्थेने मीनाताईंचा सन्मान केला. भगिनींनो, त्या बायकांनी आपल्या दारी रोग अडवला म्हणून किती घरच्या सुवासिनी वाचल्या असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. आपण मात्र त्यांना उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

तिसरा नारळ जुना आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला. आपल्या देशातला तो पहिला. स्त्रीच्या शरीराविषयी आणि गुप्तरोगांविषयी उघड बोलावे, लिहावे, म्हणून १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. या साऱ्या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला. १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी मासिक सोडले नाही. या सगळ्यात पत्नी मालतीबाईंनी त्यांची साथ दिली. तेव्हा नारळाबरोबर खण मालतीबाईंना.

आता आपल्या गावाकडे येऊ. बार्शीचे नाव निघाले की लोक भगवंताचे देऊळ सांगतात, जुनी लाइट रेल्वे सांगतात. पण डॉक्टरमंडळींच्या जगात बार्शी आणखी एका गोष्टीसाठी ओळखतात. खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची रीतसर नोंद ठेवण्याचे काम आपल्या देशात प्रथम बार्शीत सुरू झाले, १९८७ साली. त्यात आढळले की आपल्याकडच्या बायकांना सर्वांत जास्त गाठणारा कर्करोग म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा. बाई अंगावर काढते, दवाखान्यात येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

मग आपल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने, तसेच डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. शास्त्री, डॉ. शंकरनारायणन अशा जाणत्यांनी १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठे काम हाती घेतले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार भाग केले. तीन भागांत तीन निरनिराळ्या तऱ्हेच्या तपासण्या केल्या आणि चौथ्या भागातल्या बायकांची तुलनेसाठी नुसती नोंद ठेवली. एका तपासणीत या कर्करोगाला कारण होणारा विषाणू शोधतात. ही तपासणी जन्मात एकदाच झालेल्या भागात आठ वर्षांत या रोगाने ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या भागात गेल्या ६४. आणि तपासणीत ज्यांना विषाणू नाही असे निघाले, त्यांच्यातली एकही या रोगाने दगावली नाही. २००९ साली हे अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि साऱ्या जगाने त्यावरून धडा घेतला.

डॉक्टरांची नावे छापली गेली, ती छापायलाच हवीत. पण खुरपे खाली ठेवून, लाज बाजूला सारून तपासणीच्या टेबलावर चढलेल्या त्या बायांची नावे कुठेच नाहीत. आणि त्या चौसष्ट? त्यांच्या मरणाने आपल्याला हे शहाणपण आले. हा चौथा नारळ हातात धरताना माझा हात जड होतो.

तुम्ही म्हणाल, एचआयव्हीचे बोलता बोलता ही कर्करोगात कुठे शिरली? तर २००८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक वाटून दिले होते. अर्धे एचआयव्ही शोधणाऱ्या दोघांना आणि अर्धे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू शोधणाऱ्या एका शास्त्रज्ञाला. दोन्ही रोगांत बहिणीबहिणींचे नाते आहे. ज्या बाईला एचआयव्ही आहे, तिला हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो. आणि दोन्ही रोगांचे खरे बळ एकच, आपली लाज.

आता तो राहिलेला नारळ.

माझ्या सासरकडच्या नात्यातल्या एक वन्सं आहेत. सख्ख्या की चुलत, ते विचारू नका. आजच्या कायद्याने दुसऱ्याचा हा आजार त्याच्या लेखी संमतीवाचून सांगता येत नाही. मी त्यांना विचारले, तर हसून माझ्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहून दिले, "गोष्ट सांग. नाव घेऊ नकोस."

त्यांचे यजमान ट्रकवर होते. ते या आजाराने गेले. मग वन्संची तपासणी झाली आणि त्यांनाही तो निघाला. नवऱ्याखेरीज परपुरुषाकडे मान वर करून न पाहिलेली बाई! सासरी राहणे अशक्य झाले, म्हणून काही महिने त्या आमच्याकडे राहिल्या. मी त्यांना दोन वेळा गरम जेवू घातले. कधी उलटून बोलले नाही. पण त्यांचे ताट वेगळे ठेवले आणि पेल्याच्या तळाशी ओळखू यावा म्हणून लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

त्यांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला. काही बोलल्या नाहीत. जेवण झाले की आपले ताट-पेला आपण घासून मोरीच्या कोपऱ्यात वेगळा पालथा घालीत. संक्रांतीला मी शेजारपाजारच्या सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावले. वन्सं आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधीत बसल्या होत्या. विधवा म्हणून एक आणि आजारी म्हणून दुसरे, असे दोन उंबरे मी त्यांच्यापुढे घातले.

एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्याल्याने, कपडे धुतल्याने, जवळ बसल्याने, डास चावल्याने हा आजार होत नाही. तो होतो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांच्या सुईतून आणि आईकडून बाळाला. हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते असे नाही. दवाखान्यातल्या बाईंनी नीट सांगितले होते. मला कळत होते. तरी मी ठिपका दिला.

२००४ सालापासून सरकारने या आजाराची औषधे फुकट देण्यास आरंभ केला. वन्सं औषधाला लागल्या, अंग धरू लागल्या, शिवणाचे काम करून वेगळ्या राहू लागल्या. आज त्या माझ्यापेक्षा भराभर चालतात. औषध नेमाने घेतले तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही दिसत नाही, आणि मग शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. गरोदर बाईला वेळेवर औषध दिले तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. वन्संनी अशा कितीतरी पोरींना हाताला धरून तपासणीला नेले आहे.

आणि तीन वर्षांपूर्वी मला नेले. माझ्या अंगावरून पांढरे जात होते, मधूनच लाल दिसे. वर्षभर मी कुणाला सांगितले नाही. घरातल्यांना नाही, लेकीला नाही. वन्संनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले. म्हणाल्या, "वहिनी, लाजेने माझे काय झाले ते पाहिलेस ना? उठ." तपासणीच्या टेबलावर मी थरथरत होते आणि त्या माझा हात धरून उभ्या होत्या. रोग व्हायच्या अगोदरची पायरी निघाली. एका दिवसात उपचार होऊन त्याच संध्याकाळी मी घरी आले. आणखी दोन-चार वर्षे अंगावर काढले असते तर आज तुमच्यापुढे उभी राहिले असते की नाही, देव जाणे.

घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे त्या पेल्याची गोष्ट काढली. माफी मागायची होती. त्या म्हणाल्या, "कसला ठिपका? मला नाही आठवत." खोटे बोलल्या. आज घरातले सगळे पेले एकाच मांडणीवर आहेत. तो ठिपका घासून घासून गेला, कोणता तो पेला हे मलाही ओळखता येत नाही. पण दर वेळी पेले मांडताना मी एकेकाचा तळ पाहते.

भगिनींनो, मोठ्यांना मोठे मान मिळोत. आपले मंडळ लहान. आपण काय देऊ शकतो? मला तीन गोष्टी सुचतात.

एक, येत्या संक्रांतीपासून मंडळाच्या हळदीकुंकवाला बाईला बोलवावे, ती सवाष्ण आहे की नाही हे विचारू नये.

दुसरी, आपल्यातल्या तिशी उलटलेल्या सगळ्यांनी दहा-दहांच्या टोळीने जाऊन गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांतही तिची योजना आहे. लहान मुलींसाठी आता लसही निघाली आहे, डॉक्टरांना विचारा. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते आणि गुप्त ठेवतात. विचारायची लाज वाटली तर १०९७ हा फुकटचा फोन आहे.

तिसरी, कुणाच्या घरी औषधाची डबी दिसली तर 'कशाची गं?' म्हणून विचारू नये. वेळेवर घेतेस ना, एवढेच विचारावे.

तो शेवटचा नारळ मी आज पिशवीत घालून आणला आहे. त्या बाई या सभेत बसल्या आहेत की नाहीत, हे मी सांगणार नाही. समारंभ संपला की तो मी ज्यांचा आहे त्यांच्या घरी जाऊन ओटीत घालणार आहे, आणि त्यांच्याच पेल्याने पाणी पिऊन येणार आहे.