ट्रॅक्टरचा गळका रेडिएटर

तांब्या-पितळेचा रेडिएटर गळू लागला, तरी तो बहुधा दुरुस्त होतो. वाराणसीचा ठठेरी बाजार पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशी भांडी सांधणारी डाखाची विद्याच इथेही चालते.

गळती नेमकी शोधणे हे निम्मे काम. रेडिएटर उतरवून त्याची तोंडे बंद करतात, पाण्यात बुडवून आत हलक्या दाबाने हवा सोडतात. बुडबुडे निघतील तिथे छिद्र. ती जागा चकचकीत घासावी लागते, कारण मळक्या धातूवर डाख धरत नाही. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तांबे १०८५ अंशांना. त्यामुळे नळी शाबूत राहते. ज्योत रेंगाळली, तर मात्र शेजारचे सांधे सुटतात. शिशाचा धूर घातक, म्हणून हे काम उघड्यावरच बरे.

कुजलेली नळी दोन्ही टोकांना बुजवतात. अशा नळ्या वाढल्या की इंजिन तापते. मग आतली जाळीच बदलावी.

गंगेच्या मैदानातले भूजल अनेक ठिकाणी जड असते. तेच भरत राहिल्यास क्षार साचून नळ्या तुंबतात, म्हणून शुद्ध पाणी आणि कूलंट वापरतात. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला, विशेषतः प्लॅस्टिकची टाकी असल्यास, हा डाख चालत नाही.